पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलसचं जाड पुस्तक: नुसतं सोडवलंत की वाचलंतही?

रिकामी_वही

पहिल्या वर्षाला आम्हाला कॅल्क्युलसचं हजारावर पानांचं पुस्तक लावलं होतं. नाव देत नाही, कारण ग्रंथालयात त्याच विषयाची आणखी तीन पुस्तकं चाळली आणि क्रम तोच निघाला: आधी लिमिट (फंक्शन ज्या किमतीच्या जवळ जातं ती), मग डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग), मग इंटिग्रल (आलेखाखालचं क्षेत्रफळ), शेवटी सिरीज (न संपणारी बेरीज). भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणितसुद्धा चारही पुस्तकांत सापडलं.

मला वर्षाच्या शेवटी चांगले गुण मिळाले. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर 'एक बाय एक्स स्क्वेअर'चं इंटिग्रल लिहिलं, उणे १ ते १, आणि मला उभं केलं. मी तोंडीच केलं. अँटिडेरिव्हेटिव्ह उणे एक बाय एक्स, दोन्ही टोकं घातली, उत्तर उणे २. मॅडमनी विचारलं, "आलेख अक्षाच्या वर आहे की खाली?" मी म्हटलं, वर. "मग क्षेत्रफळ उणे कसं आलं?" मी गप्प. फंक्शन शून्यापाशी अनंताकडे जातं, म्हणून तिथे दोन टोकं घालून इंटिग्रल काढायचं मूलभूत प्रमेय लागूच पडत नाही, हे त्या दिवशी कळलं.

घरी येऊन पुस्तक उघडलं, तर हेच उदाहरण, हेच चुकीचं उत्तर आणि ते का चुकलं, सगळं चौकटीत छापलेलं. मी त्याच धड्याची साठेक गणितं सोडवली होती आणि ते पान वाचलं नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. हे पुस्तक कोणी वाचतं का? शिक्षक आम्ही ते कसं वापरावं अशी अपेक्षा करतात? आणि माझ्यासारखी मुलं वाचत नसतील, तर त्यात पुस्तकाचाही काही दोष आहे का?

तिसरं_बाक

माझंही हेच. सोडवलेली उदाहरणं बघायची आणि तशीच गणितं करायची. उदाहरण क्रमांक ३ म्हणजे स्वाध्यायातली ९ ते २०, हे आम्ही पेन्सिलीने समासात लिहूनच ठेवलं होतं. साठच्या पुढची गणितं कुठल्याच उदाहरणासारखी नसतात, ती सोडून द्यायची. पुस्तकच असं रचलंय की न वाचता निभतं.

खडू_फळा

मी ही पुस्तकं १९ वर्षं शिकवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

या पुस्तकांची बाजू आधी घेतो, कारण ती फारशी कोणी घेत नाही. स्वाध्याय फार विचार करून रचलेले असतात. पहिली वीस गणितं हात बसवण्यासाठी. त्यानंतरच्या गणितांत एखादी अट बदललेली असते. 'तिसरं बाक' ज्या साठाव्या गणिताबद्दल म्हणतात, तिथे उदाहरणाची नक्कल चालत नाही, धड्यातला मजकूर लागतो. म्हणजे धडा वाचायला लावायची जागा लेखकाने केली आहे. ती वाया घालवतो आम्ही शिक्षक, कारण घरी करायला देताना '१ ते ४०, फक्त विषम' असं लिहून मोकळे होतो. मीही अनेक वर्षं तसंच केलं.

आकृत्या हे दुसरं बळ. साइन एक्स बाय एक्सचं लिमिट शून्यापाशी १ का, हे वर्तुळाच्या पाकळीवरून दाखवलेलं असतं: आतला त्रिकोण लहान, पाकळी मधली, बाहेरचा त्रिकोण मोठा, आणि तिघांच्या क्षेत्रफळांमध्ये ते गुणोत्तर दाबलं जातं. ती आकृती स्वतः काढली की जन्मभर विसरत नाही. पण दोन धडे पुढे लोपितालचा नियम येतो आणि मुलं तेच लिमिट त्या नियमाने एका ओळीत काढतात: वरचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन, खालचं १, उत्तर १. मी गुण देत नाही, मग वाद होतो. अहो, साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन आहे हे सिद्ध करायलाच हे लिमिट वापरलं होतं! जे सिद्ध करायचं तेच धरून चाललात. हा वाद मला आवडतो, कारण त्या निमित्ताने मुलं मागची पानं उलटतात.

आता दोष. चेन रूलची, म्हणजे फंक्शनच्या आत फंक्शन असताना डेरिव्हेटिव्ह काढायच्या नियमाची, सिद्धता. बऱ्याच पुस्तकांत डीवाय बाय डीयू गुणिले डीयू बाय डीएक्स लिहितात, 'डीयू' कापल्यासारखं दाखवतात आणि पुढे जातात. डेल्टा यू, म्हणजे यू मधला बदल, शून्य असला तर भागाकारच होत नाही, ही गोष्ट तळटीपेत किंवा परिशिष्टात. पूर्ण सिद्धता अर्ध्या पानाची आहे. हजार पानांत तिला अर्धं पान मिळू नये?

एप्सिलॉन_प्रेमी

खडू_फळा सरांशी चेन रूलबाबत पूर्ण सहमत, बाकीच्याशी अर्धवटच.

मी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला ॲनालिसिस (हेच कॅल्क्युलस, पण काटेकोर सिद्धतांसह) शिकवते, म्हणजे या पुस्तकातून वर आलेली मुलं माझ्या हाती येतात. पुस्तक मुलांना सौम्य फंक्शन्सच्या सहवासात इतका काळ ठेवतं की फंक्शन म्हणजे सूत्र आणि आलेख म्हणजे गुळगुळीत रेघ, हे मनात पक्कं बसतं. डेल्टा यू शून्य होतोच कुठे, असं विचारणाऱ्या मुलाला मी एक्स स्क्वेअर गुणिले साइन ऑफ एक बाय एक्स हे फंक्शन देते, शून्यापाशी किंमत शून्य. शून्याच्या जितकं जवळ जाल तितक्या वेळा ते पुन्हा पुन्हा शून्य होतं. तरी त्याला शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह आहे आणि तो शून्य आहे. त्याहून मोठी गंमत अशी की तो डेरिव्हेटिव्ह स्वतः तिथे अखंड नाही. या एका फंक्शनवर एक तास सहज जातो, आणि मुलं तो तास विसरत नाहीत.

टेलर सिरीजचंही, म्हणजे एका बिंदूपाशी डेरिव्हेटिव्ह घेऊन बनवलेल्या सिरीजचंही, तेच. मुलांना वाटतं की सिरीज मिळाली म्हणजे फंक्शन मिळालं. ई चा घातांक उणे एक बाय एक्स स्क्वेअर घ्या, शून्यापाशी किंमत शून्य ठेवा. तिथले सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून सिरीजमधलं प्रत्येक पद शून्य. पण फंक्शन शून्याखेरीज कुठेच शून्य नाही! हे बहुतेक पुस्तकांत असतं. असतं कुठे, तर स्वाध्यायाच्या शेवटच्या दोन गणितांत. ते धड्याच्या मध्यभागी हवं होतं. रिकामी_वहीने न वाचलेल्या चौकटीबद्दल माझं हेच म्हणणं आहे. धोक्याच्या जागा पुस्तकाला माहीत असतात, पण तिथून ते तुम्हाला हात धरून नेत नाही, बाजूला पाटी लावून पुढे निघून जातं.

तिसरं_बाक

मॅडम, पण पहिल्याच वर्षी असली फंक्शन्स दाखवली तर अर्धा वर्ग घाबरून जाईल. आमचे काहीजण नुसतं एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची ती नेमकी व्याख्या, बघूनच गेले.

यंत्र_शाखा

मी पुस्तक वापरणाऱ्यांपैकी. अभियांत्रिकी करून आता यंत्रांच्या कंपनांचं काम करतो.

शिडीच्या गणितावर इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ५ मीटरची शिडी, पाय सेकंदाला १ मीटर वेगाने भिंतीपासून सरकतोय, वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? पायथा ३ मीटरवर असताना वरचं टोक ४ मीटर उंचीवर, उत्तर सेकंदाला पाऊण मीटर. पुस्तकात गणित इथे संपतं.

आता तेच सूत्र पुढे चालवा. पाय ४.९ मीटरवर गेला की उंची एक मीटरहून जराशी कमी उरते आणि वरच्या टोकाचा वेग होतो जवळपास ४.९ मीटर प्रति सेकंद. पाय ५ मीटरकडे नेला की वेग अनंताकडे. शिडी जमिनीवर आदळताना अनंत वेगाने? म्हणजे कुठली तरी अट मोडली. मोडते ती ही, की वरचं टोक भिंतीला चिकटून राहतं. खरी शिडी त्याआधीच भिंत सोडते. पहिल्या वर्षी मला कोणीतरी एवढं विचारलं असतं तर मॉडेल म्हणजे काय हे तेव्हाच कळलं असतं. नोकरीत माझं निम्मं काम हेच आहे: सूत्र कुठपर्यंत खरं आणि कुठून पुढे खोटं, ते शोधणं. शिडीचं गणित वाईट नाही, ते एक पायरी आधी थांबतं.

कंटाळवाण्या सरावाला मात्र नावं ठेवू नका. पार्शल फ्रॅक्शन आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्सची ती ढीगभर गणितं केली म्हणून आज लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर आला की हात थबकत नाही. इंटिग्रल संगणक काढून देतो हे खरं, पण उत्तर बरोबर दिसतंय की नाही हे ओळखणारी नजर सरावानेच येते. उणे २ हे उत्तर पाहून 'थांबा' म्हणणारी नजर.

रिकामी_वही

हे भारी आहे. शिडीचं गणित मी निदान सहा वेळा केलं असेल, शेवटापर्यंत एकदाही नेलं नाही.

एप्सिलॉन-डेल्टाबद्दल मात्र मला प्रामाणिकपणे विचारायचंय. पुस्तकात ते दुसऱ्या धड्यात येतं, चार पानं असतं, आणि नंतर जवळजवळ गायब होतं. डेरिव्हेटिव्ह काढताना कोणी एप्सिलॉन वापरत नाही, मग ते सुरुवातीलाच कशाला? आणि नंतर लागणारच नसेल तर कशाला?

जुनी_पानं

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या क्रमात नाही, इतिहासाच्या क्रमात आहे. आणि तो क्रम पुस्तकाच्या जवळजवळ उलटा आहे.

आधी क्षेत्रफळं आली. आर्किमिडीजने पॅराबोलाच्या तुकड्याचं क्षेत्रफळ त्रिकोण भरत भरत काढलं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. स्पर्शरेषा आणि वेग हा विषय सतराव्या शतकात जोरात आला. त्याच शतकात न्यूटन आणि लायबनिझ यांनी या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत हे ओळखून त्यातून पद्धत उभी केली. १६९६ मध्ये लोपितालचं पुस्तक आलं. डिफरन्शियल कॅल्क्युलसचं ते पहिलं छापील पाठ्यपुस्तक. त्यातलं बरंचसं, अगदी तो प्रसिद्ध नियमसुद्धा, योहान बर्नूलीने त्याला शिकवलेलं होतं. त्या पुस्तकात लिमिट नाही. अनंत लहान फरक असलेल्या दोन राशी एकच मानाव्यात, हे सुरुवातीलाच गृहीत धरून पुढचं सगळं चालतं. १७३४ मध्ये बर्कलीने नेमकं यावरच बोट ठेवलं: ही राशी आधी शून्य नाही म्हणून तिने भागता आणि मग शून्य आहे म्हणून टाकून देता, हे कसं? आक्षेप रास्त होता. तरीही पुढची शंभर वर्षं उत्तरं बरोबर येत राहिली, म्हणून काम थांबलं नाही.

मग लिमिटची नेमकी व्याख्या लागली कुठे? सिरीजमध्ये. कोशीने १८२१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यात लिमिट आणि सांतत्य (फंक्शन अखंड असणं) यांना पहिल्यांदा मध्यवर्ती जागा मिळाली. आणि त्याच पुस्तकात एक प्रमेय चुकीचं आहे! सांतत्य असलेल्या फंक्शन्सची सिरीज प्रत्येक एक्सपाशी एका ठरावीक किमतीकडे जात असेल तर तिची बेरीजही सांतत्य असलेलीच असते, असं ते म्हणतं. १८२६ मध्ये आबेलने साइनची एक सिरीज पुढे ठेवली जिची बेरीज मध्येच उडी मारते. चूक सापडेना, कारण किती पदं घेतली की पुरे हा आकडा 'प्रत्येक एक्ससाठी वेगळा' आणि 'सगळ्या एक्ससाठी एकच' हा फरक शब्दांत लिहिलेल्या व्याख्येत दिसतच नव्हता. तो दिसावा म्हणून एप्सिलॉन लागला. ती भाषा वायरश्ट्रासने घट्ट केली. त्यानेच १८७२ मध्ये सगळीकडे अखंड पण कुठेही डेरिव्हेटिव्ह नसलेलं फंक्शन दाखवलं.

म्हणजे एप्सिलॉन हा एका शेवटच्या अडचणीचा उपाय आहे. पुस्तक तो दुसऱ्या धड्यात देतं, अडचण येण्याच्या कितीतरी आधी. दुखणं नसताना औषध दिलं की ते कडूच लागणार. माझ्या वर्गात मी त्या चार पानांवरून लवकर पुढे जातो आणि सिरीजच्या धड्यात पुन्हा मागे येतो. तेव्हा मुलं स्वतःच व्याख्या मागतात.

खडू_फळा

जुनी_पानं, क्रमाबद्दल एक शंका. इतिहास ज्या वाटेने गेला त्याच वाटेने विद्यार्थ्याने जावं असं कुठे आहे? पुढच्याच सत्रात भौतिकशास्त्राला डेरिव्हेटिव्ह लागतो. क्षेत्रफळापासून सुरुवात केली तर तिथले शिक्षक माझ्या दारात येतील. इंटिग्रलपासून सुरू होणारी चांगली पुस्तकंही आहेत, ती मला प्रिय आहेत, पण ती पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गाला झेपलेली मी पाहिली नाहीत.

जुनी_पानं

क्रम बदला असं मी म्हणत नाही. हा क्रम नंतर लावलेला आहे, एवढं पुस्तकाने एका परिच्छेदात सांगावं. विद्यार्थ्याला वाटतं की गणितात आधी व्याख्या जन्मते आणि मग प्रश्न. हे फार नुकसान करतं.

मराठी_माध्यम

माझी अडचण इथे कोणी मांडली नाही. मी दहावीपर्यंत मराठीतून शिकले. व्याख्येतली चिन्हं मला कळत होती, पण 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा असतो की' हे इंग्रजी वाक्य मी उलटं वाचत होते: एक डेल्टा असा असतो की जो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो. दोन्ही वाक्यांत शब्द तेच, अर्थ पार वेगळा. दोन महिने मी असा एक जादूचा डेल्टा शोधत बसले होते. कोणाला कळलंही नाही, कारण गणितं मी नमुन्याप्रमाणे बरोबर सोडवत होते.

सुटका झाली ती मराठीतून बोलून बघितल्यावर. आपल्याकडे 'जितकं-तितकं' आहे. "तू म्हणशील तितकं जवळ उत्तर आणून दाखवते, किती ते तू आधी सांग." 'तू आधी सांग' म्हटलं की एप्सिलॉन पहिला, डेल्टा नंतर, हा क्रम आपोआप येतो. माझ्या लहान भावाला मी असंच शिकवलं, समोरासमोर बसून: तो एप्सिलॉन बोलणार, मी डेल्टा शोधणार. तिसऱ्या फेरीत त्याने विचारलं, मी शून्य म्हटलं तर? नेमका तिथेच कळतं की व्याख्येत एप्सिलॉन शून्यापेक्षा मोठा का लिहिलाय.

एप्सिलॉन_प्रेमी

ही समोरासमोर बसण्याची पद्धत मी उद्यापासून वापरणार आहे. आणि तुमची ती उलटी वाचण्याची चूक म्हणजे कोशीच्या प्रमेयातली चूकच, वेगळ्या जागी. कोणासाठी कोण निवडायचं, हाच घोळ.

एकटाच_शिकतोय

मी कॉलेज सोडल्याला खूप वर्षं झाली. आता कोणत्याही वर्गाशिवाय हेच पुस्तक पहिल्या पानापासून करतोय. मागे फक्त विषम क्रमांकांची उत्तरं आहेत म्हणून आधी चिडलो होतो. आता सम क्रमांकाची गणितं मुद्दाम निवडतो. इंटिग्रल काढलं की त्याचा डेरिव्हेटिव्ह घेऊन बघतो. लिमिट काढलं की एक्सला ०.०१ देऊन किंमत काढतो. स्वतःचं उत्तर स्वतः तपासायची सवय मला कॉलेजात कधीच लागली नव्हती.

हार्मोनिक सिरीजपाशी मात्र चार दिवस थांबलो. १ अधिक अर्धा अधिक एक तृतीयांश, असंच पुढे. पदं शून्याकडे जातात, तरी बेरीज कुठेच थांबत नाही. सिद्धता वाचली, दोन-चार-आठ पदांचे गट करून प्रत्येक गट अर्ध्याहून कमी नाही, पटली. पण मन मानेना. मग संगणकावर बेरीज करून पाहिली. बेरीज १० च्या पुढे जायला १२,३६७ पदं लागली. इतकी हळू वाढणारी गोष्ट अनंताकडे जाते हे बघताना जे वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. पुस्तकात हा आकडा नव्हता. असता तर बरं झालं असतं, आणि मी स्वतः काढला तेही बरंच झालं.

रिकामी_वही

सगळ्यांचं वाचून काल रात्री ती चार पानं पुन्हा काढली. एक्स स्क्वेअर, एक्स जातोय ३ कडे, लिमिट ९. एक्स स्क्वेअर उणे ९ म्हणजे एक्स उणे ३ गुणिले एक्स अधिक ३. पुस्तक म्हणतं, 'डेल्टा १ पेक्षा मोठा नाही असं धरू', मग एक्स अधिक ३ हे ७ च्या आत राहतं, म्हणून डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन बाय ७ यांपैकी लहान असेल तो. ओळ न् ओळ समजली. पण हा १ कुठून आला? इथे तो शब्दही न बोलता येऊन बसलाय.

एप्सिलॉन_प्रेमी

१ च्या जागी अर्धा घेऊन बघ.

रिकामी_वही

एक्स अधिक ३ आता साडेसहाच्या आत. डेल्टा म्हणजे अर्धा आणि एप्सिलॉन बाय साडेसहा यांतला लहान. हेही चालतं! मग १ हा फक्त सोयीचा आकडा? बरोबर डेल्टा असा एकच नसतो?

एप्सिलॉन_प्रेमी

नसतो. एक सापडला की त्याहून लहान सगळे चालतात. पुस्तकाच्या मागे एकच छापलेला असतो म्हणून मुलांना वाटतं की तोच शोधायचा होता. आता एक बाय एक्स घे, एक्स जातोय अर्ध्याकडे, लिमिट २. सुरुवात पुस्तकासारखीच कर: डेल्टा १ पेक्षा मोठा नाही असं धर. काय होतं ते इथे लिही.

रिकामी_वही

१ धरला तर एक्स उणे अर्ध्यापासून दीडपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे मध्ये शून्य येतं, आणि तिथे एक बाय एक्स कशाच्याच आत राहत नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर होतं तेच शून्य.

पाव घेतला. मग एक्स पाव ते पाऊण, दोन बाय एक्स ८ च्या आत, डेल्टा म्हणजे पाव आणि एप्सिलॉन बाय ८ यांतला लहान. मॅडम, हे गणित पुस्तकात सम क्रमांकाचं आहे, मागे उत्तर नाही. बरोबर आहे ना, असं विचारणार होतो. पण ०.१ चा एप्सिलॉन घेऊन आत्ताच तपासलं. डेल्टा ०.०१२५. एक्स ०.४९ ठेवला, एक बाय एक्स आलं २.०४ च्या आसपास. बसतंय.